नॅन्सी हँक्सची टेकडी : इंडियानातल्या एका छोट्या दफनभूमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येणारी मराठी मंडळी वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक आवर्जून बघतात, काहीजण इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला लिंकनच्या समाधीपर्यंतही जातात. दक्षिण इंडियानातली ही टेकडी मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. ज्यांच्या असते ते निघण्याआधी किंवा जाऊन आल्यावर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. ही जागा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या आईची, नॅन्सी हँक्स लिंकन हिची, समाधी म्हणून प्रसिद्ध झाली. पण मुळात ती एकाच शरद ऋतूत घरचं माणूस गमावलेल्या शेजाऱ्यांची दफनभूमी आहे, आणि ती तशीच बघावी असा माझा आग्रह आहे.

१. ही दफनभूमी नेमकी आहे कुठे?

इंडियाना राज्याच्या पार दक्षिणेला, स्पेन्सर काउंटीत, लिंकन सिटी नावाच्या चिमुकल्या वस्तीपाशी. 'लिंकन बॉयहूड नॅशनल मेमोरियल' या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत झाडीतली एक ठेंगणी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर ही जागा. १८७९ मध्ये समाधीसाठी म्हणून जी जमीन बाजूला काढली गेली ती जेमतेम अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे. आजूबाजूचं विस्तीर्ण स्मारक नंतर वाढत गेलं.

एवन्सव्हिलहून गाडीने तासाभरात पोचता येतं, केंटकीतल्या लुईव्हिलहून साधारण दीड तास लागतो. लुईव्हिलकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्पेन्सर काउंटी सेंट्रल वेळेत येते. येताना एक तास हाती लागतो, परतताना तोच जातो.

२. लिंकन केंटकीत जन्मले आणि इलिनॉयमधून राजकारणात आले. मग त्यांची आई इंडियानात कशी?

लिंकन सात वर्षांचे असताना घर इंडियानात आलं आणि एकविसाव्या वर्षी, मार्च १८३० मध्ये, इलिनॉयला गेलं. मधली चौदा वर्षं इथली.

केंटकीत वडिलांच्या, टॉमस लिंकन यांच्या, मागे जमिनीच्या मालकीचे कज्जे लागलेले होते. तिथली मोजणी इतकी ढिसाळ होती की एकाच रानावर दोघा-तिघांचे दावे निघत, आणि झाडं तोडून ज्याने शेत केलं त्यालाच बाहेर पडावं लागे. ओहायो नदीच्या उत्तरेला सरकारने चौकोनात नीट मोजून जमीन विकायला काढली होती, शिवाय तिथे गुलामगिरीला मनाई होती. १८६० साली स्वतःबद्दल लिहिताना लिंकननी घर हलवण्याची दोन्ही कारणं दिली आहेत : काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यतः केंटकीतल्या जमीनहक्कांची कटकट.

डिसेंबर १८१६ मध्ये ते नदी ओलांडून आले. त्याच महिन्याच्या ११ तारखेला इंडियाना संघराज्यात दाखल झालं होतं. पुढच्या ऑक्टोबरात टॉमस यांनी व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकरांवर हक्क नोंदवला, दर एकरी दोन डॉलर. एवढी रक्कम फेडणं जमलं नाही, तेव्हा निम्मी जमीन सोडून त्यांनी ८० एकर राखली. आईची टेकडी घरापासून दक्षिणेला पाव मैलभर अंतरावर होती.

३. १८१८ च्या त्या शरदात नक्की काय घडलं?

आदल्या वर्षीच्या शरदात नॅन्सीची मावशी एलिझाबेथ आणि तिचे यजमान टॉमस स्पॅरो केंटकीहून इथे राहायला आले होते. नॅन्सीला लहानपणी वाढवलं ते या दोघांनी, म्हणजे तिचं माहेरच तिच्या दाराशी आलं. त्यांच्यासोबत अठरा वर्षांचा डेनिस हँक्स होता, नॅन्सीचा मावसभाऊ. लिंकन कुटुंबाने इथे आल्यावर तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने उघडा असा जो निवारा उभारला होता, त्यात ही माणसं राहू लागली.

वर्ष पुरतं सरायच्या आत परिसरातली गुरं थरथरू लागली, वासरं मरू लागली, आणि मग माणसं. हा विषारी दुधातून होणारा आजार होता (प्रश्न ४ पाहा). सप्टेंबरच्या सुमारास स्पॅरो पती-पत्नी दोघंही गेली. शेजारच्या पीटर ब्रूनर यांची पत्नी नॅन्सी रशर ब्रूनर अंथरुणाला खिळली, तिची शुश्रूषा करायला नॅन्सी लिंकन जात होती. ब्रूनरबाई गेल्या. नॅन्सी स्वतः आजारी पडली आणि आठवडाभरातच, ५ ऑक्टोबर १८१८ रोजी, गेली. सगळ्यांत जवळचा डॉक्टर तीस मैलांहून दूर होता, आणि तो आला असता तरी या दुखण्यावर त्या काळी कुणापाशीच औषध नव्हतं.

ब्रूनर यांच्या मुलाने, हेन्रीने, म्हातारपणी सांगितलेली एक आठवण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. त्याच्या आईचं आणि नॅन्सीचं कलेवर चाकं नसलेल्या ओढगाडीवरून टेकडीवर नेलं होतं. नॅन्सीच्या खड्ड्यावर माती लोटून झाली तेव्हा पीटर ब्रूनर यांनी टॉमस लिंकन यांच्यापुढे हात केला आणि म्हणाले, आता आपण भाऊ झालो. दोघांचं दुःख एकच झालं होतं, म्हणून भाऊ.

मागे राहिले टॉमस, अकरा वर्षांची सारा, नऊ वर्षांचा अब्राहम आणि दुसऱ्यांदा पोरका झाल्यासारखा डेनिस. तो लिंकनच्याच घरी राहायला आला.

४. दूध पिऊन माणसं कशी मेली? दूध उकळत नव्हते का?

हा प्रश्न मराठी घरातून हमखास येतो. दूध नासलेलं नव्हतं आणि त्यात जंतूही नव्हते. तिथल्या जंगलात सावलीत वाढणारं एक झुडूप आहे, व्हाइट स्नेकरूट. त्याला शरदात पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. कोकणात माजलेली रानमोडी याच गणगोतातली. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघींना एकाच वंशात (जीनसमध्ये) धरत. या झुडपात ट्रेमेटॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. पाऊस कमी झाला आणि उघड्यावरचं गवत सुकलं की गुरं जंगलात शिरून हा पाला खातात. विष दुधात उतरतं, विशेषतः स्निग्धांशात, म्हणून लोणीही तितकंच घातक. दुभत्या गाईच्या अंगातून ते दुधावाटे बाहेर पडत असल्याने गाय काही काळ ठणठणीत दिसते, पण ते दूध पिणारं वासरू आणि माणूस आधी आजारी पडतात.

तापवण्याने हे विष भरवशाने नाहीसं होत नाही. त्यामुळे उकळूनही फरक पडला नसता.

आजाऱ्याला आधी प्रचंड अशक्तपणा, मग ओकाऱ्या, पोटात कळा, घट्ट बद्धकोष्ठ, श्वासाला एक विशिष्ट उग्र वास आणि शेवटी बेशुद्धी. शेजारच्या इलिनॉयमध्ये ॲना बिक्सबी नावाच्या वैदूबाईंनी १८३० च्या दशकात हे झुडूप ओळखलं, आणि त्यांना ते दाखवलं शॉनी जमातीच्या एका वृद्ध स्त्रीने, असं तिथे परंपरेने सांगतात. अधिकृत वैद्यकाला मात्र हे पटायला पुढचं शतक उजाडलं. १९२८ मध्ये जेम्स काउच या रसायनतज्ज्ञांनी झुडपातलं विष वेगळं काढून दाखवलं. नॅन्सीला जाऊन तेव्हा ११० वर्षं झाली होती.

आज दुकानातल्या दुधापासून ही भीती नाही. गुरं राखलेल्या कुरणात चरतात आणि शेकडो गाईंचं दूध एकत्र होतं. एखाद्या घरच्या गाईने जंगलात चरून दिलेलं दूध ही वेगळी गोष्ट.

५. चर्चच्या आवारात न पुरता रानातल्या टेकडीवर का?

कारण आवार असलेलं चर्चच जवळपास उभं नव्हतं. लिटल पिजन क्रीकच्या बाप्टिस्ट लोकांचं प्रार्थनाघर काही वर्षांनी बांधलं गेलं, त्यात टॉमस लिंकन यांनी सुतारकाम केलं. तोपर्यंत नव्याने वसलेल्या कुटुंबांनी आपापल्या रानात किंवा दोन-तीन घरांत मिळून एखादी उंच जागा ठरवायची, हीच रीत होती. उंचवट्यावर पाणी साचत नाही, नदी-ओढ्याचा पूर पोचत नाही आणि नांगरटीची चांगली जमीनही अडत नाही.

मृताचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ठेवत. शेवटच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे असावं ही त्यामागची श्रद्धा. खुणेला शेतातलाच एखादा दगड उभा करायचा किंवा लाकडी फळी रोवायची. फळी काही वर्षांत कुजते आणि बिनअक्षरी दगड इतर दगडांत मिसळून जातो. म्हणून अशा जुन्या दफनभूमींत जमीन किंचित खचलेली दिसली, त्यावर पेरिविंकलची (आपल्या सदाफुलीच्या कुळातली, जमिनीलगत पसरणारी निळी वेल) गच्च दाटी दिसली की जाणकार तिथे पाय टाकत नाहीत.

६. छोट्या अब्राहमने आईच्या शवपेटीसाठी लाकडी खुंट्या तासल्या, ही गोष्ट खरी का?

शवपेट्या टॉमस यांनी केल्या याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ते सुतार होते, आणि त्या महिन्यात पंचक्रोशीत त्यांच्याच हाताला हे काम आलं. लोखंडी खिळे महाग होते, फळ्या खुंट्यांनीच जोडायच्या. मुलगा जवळ बसून खुंट्या तासत होता ही आठवण घरच्यांच्या सांगण्यातून पुढे आलेली आहे. त्या दिवशीची लेखी नोंद कुणी केली नव्हती. मला ती अगदी संभाव्य वाटते, कारण त्या घरात नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती चाकू आणि कुऱ्हाड दोन्ही रोजच असत.

७. अंत्यविधी कुणी केला?

पुरलं तेव्हा धर्मोपदेशक नव्हता. फिरते उपदेशक वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी या बाजूला येत, त्यामुळे आधी पुरायचं आणि प्रवचन सवडीने करायचं ही सर्रास पद्धत होती. काही महिन्यांनी केंटकीतले ओळखीचे बाप्टिस्ट उपदेशक डेव्हिड एल्किन्स आले आणि त्यांनी टेकडीवर प्रवचन केलं. त्यांना बोलावणारं पत्र अब्राहमने लिहिलं, असं परंपरा सांगते.

८. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले, तरी आईच्या समाधीवर त्यांनी दगड का लावला नाही?

या प्रश्नात अनेकांच्या मनात नाराजी असते, ती मला समजते. इंडियाना सोडल्यावर लिंकन इथे परतल्याची ठळक नोंद एकच आहे. १८४४ च्या शरदात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हेन्री क्ले यांच्या प्रचारासाठी ते आले होते. दीड वर्षाने एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भागाचा उल्लेख केला, तो 'जिथे माझी आई आणि एकुलती बहीण पुरली आहे' असाच. त्या भेटीतून त्यांना कविता सुचली. तिच्यात बालपणीचं घर आहे, मेलेल्यांची आठवण आहे, पण दगडाचा विषय नाही.

वडील १८५१ मध्ये इलिनॉयमध्ये वारले. त्यांच्या थडग्यावरही लिंकन हयात असेपर्यंत दगड बसला नाही. बिनअक्षरी थडगी हा त्या पिढीचा नेहमीचा अनुभव होता, आणि शोक मनात ठेवायची लिंकनची धाटणी. १८६२ च्या डिसेंबरात, युद्धात वडील गमावलेल्या एका मुलीला त्यांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की लहान वयात दुःख सर्वांत कडू होऊन येतं, कारण ते नकळत गाठतं, आणि आपण हे अनुभवाने सांगतो आहोत. टेकडीवर दगड नव्हता, तरी त्या ऑक्टोबरचा विसर त्यांना पडलेला नव्हता एवढं या पत्रावरून मला नक्की वाटतं.

९. मग आत्ता दिसतो तो पांढरा दगड कुणाचा?

साउथ बेंडच्या स्टुडबेकर घराण्यातल्या पी. ई. स्टुडबेकर यांचा. आधी बग्ग्या आणि मग मोटारी बनवणारं हेच ते घराणं. त्यापूर्वी १८७४ मध्ये एका स्थानिक माणसाने दोन फुटांचा छोटा दगड बसवला होता, पण आठवण म्हणून तुकडे फोडून नेणाऱ्यांनी तो टिकू दिला नाही.

१८७९ मध्ये स्टुडबेकर यांनी पन्नास डॉलर खर्चून संगमरवरी दगड करवला. त्यावर नाव आहे, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची आई असा उल्लेख आहे, मृत्यूची तारीख आहे आणि तळाशी 'तिच्या हुतात्मा मुलाच्या एका मित्राने उभारला, १८७९' अशी ओळ. देणाऱ्याने स्वतःचं नाव कोरलं नाही, हे मला फार भावतं. भोवतीच्या लोखंडी कुंपणासाठी रॉकपोर्टच्या लोकांनी वर्गणी काढली.

१०. दगडाच्या बरोबर खाली नॅन्सीच आहे का?

खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पहिला दगड लागला तो मृत्यूनंतर ५६ वर्षांनी. जागा ठरवली ती जुन्या रहिवाशांच्या आठवणीवरून, आणि मधल्या काळात टेकडीवर झाडोरा माजला होता. टेकडी हीच, याबद्दल वाद नाही. टेकडीवरची जागाही आठवणींच्या आधारे बरीच जवळची असावी. पण दगड म्हणजे 'इथेच' अशी खूण नसून 'इथे कुठेतरी' अशी आहे. शेजारी दिसणाऱ्या मोकळ्या हिरवळीवरही सांभाळून पाय ठेवा, ते याच कारणासाठी.

११. दगडावर वय ३५ आहे, पुस्तकांत ३४. चूक कुणाची?

नॅन्सीचा जन्म ५ फेब्रुवारी १७८४ चा मानला जातो. त्या हिशेबाने ऑक्टोबर १८१८ मध्ये तिला चौतीस पूर्ण होऊन पस्तिसावं चालू होतं. आपल्याकडेही पस्तिसावं लागलं की पस्तीस सांगणारे पुष्कळ. दगडाचं वय म्हणून चालेल, लिहिताना ३४ लिहावं.

१२. इथे आणखी कोण कोण आहे?

टॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो, नॅन्सी रशर ब्रूनर आणि त्या काळातले इतर वसाहतकरी. स्पॅरो दांपत्याशिवाय नॅन्सीला आई-वडिलांची माया मिळाली नसती, आणि ब्रूनरबाईंच्या सेवेत तिचे धडधाकट असण्याचे शेवटचे दिवस गेले. फोटो काढून लगेच वळू नका. नावं नसलेल्या जागांपुढेही घटकाभर थांबा.

१३. लिंकनची बहीण, वडील, सावत्र आई हेही इथेच आहेत का?

नाहीत, आणि याची गल्लत नेहमी होते.

बहीण सारा हिचं लग्न १८२६ मध्ये ॲरन ग्रिग्स्बीशी झालं. २० जानेवारी १८२८ रोजी ती बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. तोपर्यंत चर्च उभं राहिलं होतं, म्हणून तिला चर्चच्या दफनभूमीत पुरलं (प्रश्न ५ पाहा). ती जागा रस्त्यापलीकडच्या लिंकन स्टेट पार्कमध्ये येते. आईची टेकडी बघितलीत तर साराकडे जायला चुकू नका. वडील आणि सावत्र आई सारा बुश इलिनॉयमध्ये कोल्स काउंटीतल्या शायलो दफनभूमीत आहेत. टॉमस यांनी २ डिसेंबर १८१९ रोजी तिच्याशी केंटकीत लग्न केलं आणि तीन सावत्र भावंडांसह ती या घरात आली; तिने या मुलांना आईची कमतरता भासू दिली नाही. तान्हेपणी वारलेला धाकटा भाऊ टॉमस केंटकीत, नॉब क्रीकजवळच्या एका शेजारी कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. १९३० च्या दशकात तिथे त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं खोदलेला एक लहानसा दगड सापडला.

एका कुटुंबाची थडगी तीन राज्यांत. लिंकन स्वतः स्प्रिंगफिल्डला.

१४. आज डीएनए तपासणी आहे. खणून खात्री का करून घेत नाहीत?

खणून काय मिळणार हा पहिला प्रश्न. दोनशे वर्षं ओल्या मातीत हाडं राहिली असतील याची हमी नाही, आणि एका थडग्याच्या शोधात शेजारची चार उघडी करावी लागतील. नॅन्सीच्या जन्माबद्दलचा जुना वाद (तिची आई नेमकी कोण) सोडवायला अभ्यासकांनी तिच्या आईकडच्या नात्यातल्या हयात स्त्री-पुरुषांचे नमुने घेऊन काम केलं, टेकडीला हात लावला नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

१५. जुन्या फोटोंत प्रवेशद्वारावर सिंह आणि गरुड दिसतात. ते गेले कुठे?

१९०९ मध्ये इथे तसं थाटाचं फाटक उभारलं होतं. त्याआधी बराच काळ जागा पार दुर्लक्षित होती. १८९७ मध्ये गव्हर्नर जेम्स माउंट यांच्या पुढाकाराने स्मारक संस्था स्थापन झाली, लिंकनचे चिरंजीव रॉबर्ट यांनी हजार डॉलर दिले, १९०० मध्ये काउंटीने भोवतालची १६ एकर जमीन घेतली आणि १९०७ नंतर राज्य सरकारने लक्ष घातलं. उत्साहाच्या भरात सजावट वाढली.

१९२० च्या दशकात आराखड्याचं काम उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांच्याकडे आलं. त्यांनी नक्षीकाम काढायला लावलं, इथलीच झाडं पुन्हा लावायला सांगितली आणि टेकडीकडे जाणारा एक लांब, सरळ, झाडांनी वेढलेला मार्ग आखला. इथे डामडौल शोभणार नाही हे त्यांना कळलं होतं. तुम्हाला आज तिथे जी शांतता जाणवते ती त्यांच्या आराखड्याची देणगी आहे. खाली चुनखडीच्या दगडातली स्मारक-इमारत १९४० च्या दशकात पुरी झाली, आणि १९ फेब्रुवारी १९६२ च्या कायद्याने सगळं राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेलं.

१६. वाटेवर मांडलेले दगड म्हणजे आणखी थडगी का?

नव्हेत. टेकडीपासून घराच्या जागेकडे जाणाऱ्या पायवाटेवर बारा दगड आहेत, लिंकनच्या आयुष्याशी जोडलेल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून १९३० च्या दशकात आणलेले. त्यातला कल्व्हर दगड १९०२ पासून समाधीजवळ होता. स्प्रिंगफिल्डच्या लिंकन समाधीची दुरुस्ती झाली तेव्हा निघालेल्या दगडातून तो घडवला. मुलाच्या समाधीतला दगड आईच्या समाधीपाशी आला, म्हणून तिथे थोडं रेंगाळा.

१७. शाळेत भिंतीवर असलेलं 'लिंकनचे हेडमास्तरांस पत्र' आणि आईबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य, यांचा या जागेशी काही संबंध?

पत्राचा नाही. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत लावलेलं ते पत्र सुंदर आहे, पण लिंकनच्या कागदपत्रांत तसं पत्र सापडत नाही. इथल्या कर्मचाऱ्यांना त्याबद्दल विचारलंत तर त्यांना संदर्भ लागणार नाही. 'मी जो आहे तो आईमुळे' अशा अर्थाचं वाक्य लिंकनचे वकिलीतले भागीदार हर्नडन यांनी मागाहून सांगितलेलं आहे, लिंकनच्या हातचं नाही. ते सख्ख्या आईबद्दल की सावत्र, यावरही मतभेद आहेत.

खरा दुवा हवा असेल तर तो वेगळा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. लिंकनच्या घराने केंटकी का सोडली हे (प्रश्न २) वाचल्यावर ती अर्पणपत्रिका पुन्हा काढून वाचा.

१८. फुलं वाहिली, उदबत्ती लावली तर चालेल का? जायला कोणता काळ चांगला?

हात जोडायला कुणाची परवानगी लागत नाही. उदबत्ती, दिवा, कापूर यांतलं काही पेटवू नका. झाडी आहे, वाळका पालापाचोळा असतो. फुलं ठेवायची असतील तर आधी अभ्यागत केंद्रात विचारा, आणि हळदीकुंकू दगडाला लावू नका, संगमरवरावर डाग बसतो. कागद ठेवून पेन्सिलीने अक्षरं उतरवून घेणंही टाळा.

शरदात जा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या भागातल्या जंगलकडेला व्हाइट स्नेकरूट पांढरं फुललेलं असतं. बघा, तोडू नका, लहान मुलांना तोंडात घालू देऊ नका.

१९. आम्ही इंडियानात घर घेतलं आणि मागच्या बाजूला चार-पाच जुने दगड निघाले. अशीच दफनभूमी असेल तर काय करायचं?

आधी काहीही हलवू नका. दगड पडलेला असला तरी त्याची जागा हीच त्याची ओळख असते. उचलून भिंतीला टेकवला की ती कायमची गेली. इंडियानात जुन्या, वाली नसलेल्या दफनभूमींच्या देखभालीची जबाबदारी टाउनशिपच्या (काउंटीतला लहान प्रशासकीय भाग) विश्वस्तावर असते, तिथे कळवा. दफनभूमीपासून शंभर फुटांच्या आत बांधकामासाठी खोदायचं असेल तर राज्याकडून आराखड्याला आधी मंजुरी घ्यावी लागते. नुसतं कुंपण घालण्याआधीही विचारून घेतलेलं बरं. काउंटीच्या इतिहास मंडळात जुन्या नोंदी असतात, आणि बहुतेक ठिकाणी तिथली वयस्क मंडळी आनंदाने मदत करतात.

दगड स्वच्छ करायचा असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. तारेचा ब्रश, ब्लीच, जोराचा फवारा यांनी उरलीसुरली अक्षरं जातात. अक्षरं वाचायला पीठ किंवा खडू चोळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा, किंवा आरशाने बाजूने उजेड टाकून, नाव आपोआप उठून दिसतं. ते नाव, तारीख आणि दगडाची जागा लिहून काउंटीला द्या.